शेजारच्या ओळीतले नाव

झुलत्या पुलाच्या मध्यावर मिंगशू थांबली आणि दोन्ही हात मोकळे सोडून खालच्या पाण्याकडे पाहत उभी राहिली. तिच्यामागून दोराचा कठडा घट्ट धरून, एकेक फळी पायाने चाचपत येणारा ल्याओ तिंगयू त्यामुळे आपोआपच थांबला. खाली मिनजियांग नदी डोंगरावरून वितळून आलेल्या बर्फाच्या पाण्याने हिरवीगार होऊन धावत होती, आणि पुढे चाललेल्या माणसांच्या पावलांनी पूल असा हेलकावत होता की, बहात्तराव्या वर्षी इथे येण्यात कोणते शहाणपण होते, असा प्रश्न कोणालाही पडावा. ल्याओला तो पडला नाही. त्याला पडलेला प्रश्न निराळा होता: ही बाई इतकी निर्धास्त कशी?

"हात सोड की," मिंगशू मागे न बघताच म्हणाली. "पूल काही पळून जात नाही."

"आणि मी पडलो तर?"

"तर नदीच तुला घरी पोचवेल. बसची धक्काबुक्की तरी वाचेल."

मागून येणाऱ्या दोघी बायका हसल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली की म्हातारा मऊ कानाचा दिसतोय, बायको धरून ओढेल तिकडे वळतो. ल्याओने ते ऐकले आणि ऐकले नसल्यासारखे केले. त्या शब्दाचे त्याला काही वाटत नव्हते. त्या प्रांतातल्या निम्म्या पुरुषांना तो लागू पडतो, आणि उरलेले निम्मे खोटे बोलतात. त्याला वाटले ते मिंगशूच्या पुढच्या वाक्याचे. ती सहज, हवापाण्याविषयी बोलावे तशी म्हणाली की छांगशुन पाठीवर दगडांची टोपली घेऊन याच पुलावरून जायचा, आणि तेव्हा तर फळ्याही धड नव्हत्या.

ल्याओने कठड्यावरचा एक हात सोडला. दुसरा मात्र सोडवला नाही.

गाओ छांगशुन हा मिंगशूचा पहिला नवरा. नदीच्या बांधाच्या वार्षिक दुरुस्तीवर तो मजूर होता, आणि त्याला जाऊन सव्वीस वर्षे झाली होती. मेलेल्या माणसाचा मत्सर करणे हा निव्वळ वेडेपणा होय, असे म्हणणारे लोक असतात. परंतु असे म्हणणाऱ्यांनी तो कधी केलेला नसतो. जिवंत प्रतिस्पर्धी केव्हातरी घोरतो, केव्हातरी जेवताना नाक शिंकरतो, केव्हातरी त्याचे दात पडतात, आणि मत्सर करणाऱ्याला तेवढा तरी विसावा मिळतो. मेलेला माणूस हा विसावा देत नाही. गाओ पन्नाशीही न गाठता गेला होता, त्यामुळे मिंगशूच्या बोलण्यात तो कायमच चाळिशीतला, रुंद पाठीचा आणि दोर न धरता पूल ओलांडणारा राहिला होता. ल्याओने आपले आयुष्य सरकारी धान्यकोठारात काट्यासमोर बसून काढले होते. समोर येईल ते तोलून पाहण्याची त्याला सवय होती. पण या माणसाचे पोते काट्यावर ठेवताच येत नसे.

ल्याओ आणि मिंगशू यांची ओळख चेंगदूच्या नेत्ररुग्णालयात झाली होती. त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती, तिच्या उजव्या. जिना उतरताना दोघांनी एकमेकांचा आधार घेतला, आणि खाली पोचल्यावर मिंगशू म्हणाली की दोघांचा मिळून एक धड माणूस होतोय. त्याची बायको चौ तेव्हा तीन वर्षांपूर्वी वारली होती. वर्षभरात त्यांनी लग्न केले आणि मिंगशू डोंगरापलीकडच्या त्याच्या गावी राहायला आली. लग्नाला आता सात वर्षे झाली होती. या सात वर्षांत भांडणे झाली ती मिरच्यांवरून आणि दूरदर्शनच्या आवाजावरून. इतर बाबतींत ती दोघे सुखी होती, असे शेजारी म्हणत आणि ते खरेही होते.

वर्षातून एकदाच ती दोघे वेगळी होत. छिंगमिंगच्या सणाला, थडगी झाडण्याच्या दिवसांत, ल्याओ आपल्या मुलांबरोबर चौच्या थडग्यावर जाई, आणि मिंगशू एकटी बस पकडून दूजियांगयानला, आपल्या मुलीकडे, गाओच्या थडग्यावर जाई. यात वावगे काही नव्हते; दुसऱ्या लग्नाच्या घरांत अशीच रीत असते. परंतु प्रत्येक वर्षी ती बसमध्ये चढली की ल्याओच्या मनात एकच चित्र उभे राही. त्या भागात नवरा-बायकोचे थडगे एक असते. दोघांपैकी एक जण गेला की शिळेवर दोघांचीही नावे शेजारी शेजारी कोरून घेतात. गेलेल्याच्या नावात काळा रंग भरतात आणि जिवंत राहिलेल्याच्या नावात लाल. लाल नाव वाट पाहत असते. दर छिंगमिंगला घरची माणसे त्यात नवा रंग भरतात, आणि तो माणूस गेला की लाल खरवडून काळा भरतात. मिंगशूचे नाव गाओच्या शेजारी असे लाल होऊन थांबलेले आहे काय, हे ल्याओला पाहायचे होते. मेल्यावर ती कोणाशेजारी जाणार, हे त्याला कळायला हवे होते.

त्याने हे तिला सरळ का विचारले नाही? कारण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते, आणि मिळालेले उत्तर परत करता येत नाही. म्हणून या वर्षी त्याने चौच्या थडग्याची झाडलोट आठवडाभर आधीच उरकून घेतली आणि मिंगशूला सांगितले की आपल्याला छिंगमिंगला दूजियांगयानला होणारा पाणी सोडण्याचा सोहळा पाहायचा आहे. ज्या बांधाचे पाणी जन्मभर प्यालो तो बांध एकदा तरी पाहायला नको का?

मिंगशूने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले होते. "कबरीवर येणार?"

"छे. मी आपला पर्यटक."

पर्यटक हा शब्द त्याने निवडून घेतला होता. त्यात कुठलेही नाते येत नाही.

पूल उतरून ती दोघे बांधाच्या नाकावर आली. नदीच्या ऐन मध्यात दगडी बेट पुढे सरसावलेले आहे, आणि त्याच्या टोकावर आदळून नदी दुभंगते: डावीकडची धार मूळ पात्रातून निघून जाते, उजवीकडची डोंगराच्या खिंडीतून सपाटीवरच्या कालव्यांत शिरते. दोन हजारांहून अधिक वर्षे ती अशीच दुभंगते आहे. पिवळी टोपी घातलेली एक मुलगी हातातल्या कर्ण्यावरून माहिती सांगत होती, आणि मिंगशू लहान मुलासारखी कठड्यावर ओणवून पाणी पाहत असल्यामुळे ल्याओ ती माहिती लक्षपूर्वक ऐकत होता. वसंतात, मुलगी म्हणत होती, पाणी कमी असते तेव्हा सहा भाग आतल्या धारेत, शेतांकडे जातात आणि चार भाग बाहेरच्या धारेत. परंतु पूर आला की हे प्रमाण आपोआप उलटते, कोणाला हात लावावा लागत नाही.

सहा आणि चार हे प्रमाण काट्यासमोर आयुष्य काढलेल्या माणसाला न्याय्य वाटले. सात वर्षांचा संसार एका पारड्यात, आणि गाओबरोबरचा बावीस वर्षांचा दुसऱ्या. तरीही आज जे शेत भिजते आहे त्याला सहा भाग मिळावेत, इतके मान्य करण्याइतका तो उदार होता. त्याने मनातल्या मनात गाओला चार भाग देऊन टाकले. पण पुराची गोष्ट त्याच्या मनातून जाईना. छिंगमिंग हा पूरच नव्हता काय? वर्षातून एकदा, कोणीही हात न लावता, तिच्या मनाची सगळी धार उलट्या बाजूने वाहू लागत होती, आणि या वर्षी तो मूर्खासारखा त्या पाण्याच्या काठावर येऊन उभा राहिला होता.

आणि मूर्ख म्हणजे तरी काय? तो शेवटच्या टोकाचा माणूस होता. त्याच्या तालुक्यात कालव्याचे पाणी पोचायचे ते सगळ्यांत शेवटी. वरच्या गावांत भाताची रोपे हातभर वाढलेली असत, तेव्हा त्याचा बाप कोरड्या चरात बसून वरच्या गावच्या लोकांना शिव्या देत असे. पाणी येई तेव्हाही ते इतरांच्या खाचरांतून, इतरांच्या बदकांच्या पायांखालून गढूळ होऊन येई. मुखाजवळच्या माणसाचा मत्सर त्याच्या रक्तात जुना होता; गाओ छांगशुन ही केवळ त्याची ताजी आवृत्ती होती. हिरवे, स्वच्छ, पहिले पाणी गाओचे. ल्याओच्या वाट्याला आली ती पट्टी बांधलेली, एकसष्ट वर्षांची बाई. तीही त्याला पुरेशी होती. पण शेवटच्या टोकाच्या माणसाला आलेले पाणी कोणी मध्येच परत वळवू नये, एवढे म्हणण्याचा अधिकार असतो की नाही?

नगारे वाजू लागले. सोहळा सुरू झाला होता. रेशमी झग्यातला प्रांताधिकारी झालेला नट मोठ्याने काहीतरी वाचत होता, आणि पात्रात लाकडी तिकटींची एक रांग बांबूच्या चटयांनी पाणी अडवून उभी होती. पूर्वी हे नाटक नव्हते. हिवाळ्यात आतली धार अशाच तिकटी उभ्या करून खरोखर बंद करीत, गाळ उपसत, आणि वसंतात तिकटींचे दोर तोडून पाणी सोडीत. आता ते काम दरवाजे करतात. ल्याओला नटाचा आवाज आवडला नाही, पण तक्रार करायला तो मिंगशूकडे वळला तेव्हा ती जागेवर नव्हती. ती खाली, पाण्याच्या काठच्या गोट्यांत उतरली होती, आणि तिच्या मुठी भरलेल्या होत्या.

दोर तुटले, तिकटी कोलमडल्या आणि पाणी पांढरे होऊन पुढे झेपावले. त्याच क्षणी काठावरची गावातली माणसे, म्हातारी आणि तरुण, ओरडत पाण्याच्या त्या पुढच्या तोंडावर दगड मारू लागली. पाण्याचे डोके ठेचले म्हणजे ते वर्षभर वेडेपणा करीत नाही, असे तिथे मानतात. पर्यटक नुसते छायाचित्रे काढत होते. एकोणसत्तर वर्षांची मिंगशू काठाकाठाने पाण्याबरोबर धावली, पाच-सात पावले का होईना, पण धावली. आणि एकामागून एक गोटे तिने असे भिरकावले की ल्याओ पाहतच राहिला. ती परतली तेव्हा तिचा चेहरा तापलेला होता आणि तिला हसू आवरत नव्हते. सात वर्षांत हा चेहरा त्याने पाहिला नव्हता. हा चेहरा अस्तित्वात आहे, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

दम खात तिने स्वतःहूनच सांगितले. विसाव्या वर्षी तिने असाच गोटा मारला होता आणि तो पाण्याला लागायच्या ऐवजी तिकटीवर चढून दोर तोडणाऱ्या एका मजुराच्या पाठीत बसला होता. मजूर ओलाचिंब होऊन काठावर आला आणि दगड कोणाचा म्हणून विचारू लागला. मैत्रिणींनी सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. तिने हलवली नाही.

"मग?" ल्याओने विचारले, जरी त्याला उत्तर ठाऊक होते.

"मग काय. म्हणाला, नेम वाईट आहे, लग्नानंतर भांडी फेकलीस तर मला भीती नाही."

ती पुन्हा हसली, आणि या वेळी ल्याओ तिच्याबरोबर हसला. हसणे हा मत्सराचा सर्वांत जाड पडदा आहे. त्याच्या मनात आले की आपल्याला ती भेटली तेव्हा तिच्या हातात डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती.

दुपारी मिंगशूची मुलगी यूछिन आली. ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि बसस्थानकाजवळ वाटाण्याच्या पिठाच्या थंड वड्या तिखट घालून विकायची. तिने ल्याओला काका म्हणून नमस्कार केला, प्रवास कसा झाला, गुडघे कसे आहेत, सगळे रीतसर विचारले; पण सात वर्षांत तिने त्याला काकाच्या पलीकडचा शब्द कधी दिला नव्हता. तिच्या टोपलीवर पंचा झाकलेला होता. मायलेकींनी ल्याओला नदीकाठच्या चहाच्या बागेत बांबूच्या खुर्चीत बसवले, त्याच्यासमोर झाकणाची वाटी ठेवली, आणि दोघी डोंगराच्या दिशेने निघून गेल्या. कान साफ करणारा एक माणूस चिमटा वाजवीत आला. ल्याओने नकारार्थी मान हलवली. चहा कडवट होता. शेजारच्या टेबलावर पत्ते रंगले होते.

इथे थांबणे हेच सभ्यपणाचे होते, याविषयी ल्याओचे स्वतःशी दुमत नव्हते. दुसऱ्या नवऱ्याने पहिल्याच्या थडग्यावर जाऊ नये. मेलेल्याला ते आवडत नाही, आणि जिवंतांना तर मुळीच नाही. पण सभ्यपणाने बसून राहायचे होते तर एवढा प्रवास कशासाठी केला होता? त्याने वाटीच्या झाकणावर झाडाचे एक पान ठेवले, म्हणजे गिऱ्हाईक परत येणार आहे हे चहावाल्याला कळते, आणि तो उठला. वाट विचारावी लागली नाही. फटाक्यांचा धूर जिकडून येत होता तिकडे सगळी थडगी होती.

चढण त्याच्या गुडघ्यांना मानवली नाही, तरी तो थांबला नाही. मोहरीची पिवळी फुले संपत आलेली शेते, मग बांबू, मग गवतातले उंचवटे. सगळीकडे कागदाच्या पताका आणि जळत्या कागदांचा वास. बांबूंच्या आड त्याला यूछिनचा आवाज ऐकू आला, आणि आपण चोरून ऐकतो आहोत हे कळत असूनही तो तिथेच थबकला.

यूछिन आईला सांगत होती की दरवर्षी तू नको म्हणतेस आणि दरवर्षी गावातले मला विचारतात. काय उत्तर देऊ? नावात रंग नाही म्हणजे माणूस जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. आई आहे तरी कुठे, असे परवाच कोणीतरी विचारले.

"आधी गवत काढ," मिंगशू म्हणत होती. "रंगाचं नंतर बघू."

ल्याओ पुढे झाला. शिळा मध्यम उंचीची, साध्या करड्या दगडाची होती. तिच्यासमोर मेणबत्त्या पेटल्या होत्या, उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा आणि दारूचा पेला ठेवला होता. डावीकडे गाओ छांगशुनचे नाव काळ्या रंगात ठसठशीत उभे होते. शेजारच्या ओळीत वेन मिंगशू हे नाव होते. कोरलेले, खोल, आणि रंगहीन. मधल्या अक्षराच्या खाचेत शेवाळ धरले होते. त्या नावाला कित्येक वर्षांत कुंचला लागलेला नव्हता.

मिंगशूने मान वर केली. "या. पर्यटक आले."

ल्याओला पहिल्यांदा जे वाटले ते आनंदाचे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सात वर्षे! लग्न झाल्यापासून तिने आपले नाव रंगवू दिलेले नव्हते. म्हणजे ती तिथे वाट पाहत नव्हती. बापाने कोरड्या चरात बसून आयुष्यभर जे पाहिले नाही ते त्याला दिसले: वरच्या गावाला सोडून पाणी आधी आपल्या खाचरात आले होते. तो हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झाले असावे, कारण यूछिनने ते पाहिले आणि ती उठून उभी राहिली. तिच्या एका हातात लहानसा डबा होता, दुसऱ्यात कुंचला.

"काका, तुम्हीच सांगा आता. हे असं बरं दिसतं?"

"तिची मर्जी," ल्याओ म्हणाला. आवाज त्याने शक्य तितका तटस्थ ठेवला होता.

"माझी मर्जी होय," मिंगशू म्हणाली. ती गवत उपटतच होती. "बरं. चौताईच्या शिळेवर तुझं नाव असेल ना?"

"आहे."

"रंग कुठला?"

ल्याओने मेणबत्त्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "लाल."

"कोण देतं?"

"मीच. मुलांचे हात बरोबर चालत नाहीत. सांडतात."

"माहीत आहे मला." तिने उपटलेले गवत बाजूला ठेवले आणि हात झटकले. "छिंगमिंगहून तू परत येतोस ना, तेव्हा तुझ्या नखांत लाल असतं. आठ-आठ दिवस जात नाही. तू समोर बसून जेवतोस, वाडग्यातून भात वेचतोस, आणि मी तुझी बोटं बघत असते. यंदाही आहे. बघ."

ल्याओने पाहिले नाही. दोन्ही हात त्याने मागे घेतले. यूछिन शिळेच्या मागे जाऊन, तिथे काही नसताना, काहीतरी आवरू लागली.

तो म्हणाला की त्याने कधी तसा विचारच केला नव्हता. रीत म्हणून करीत आलो, हात जातो आपोआप. हे खरे होते. आणि याहून वाईट उत्तर त्याला शोधूनही सापडले नसते, हेही त्याला बोलताबोलताच कळले. सात वर्षे तो दुसऱ्याच्या शिळेवरचा लाल रंग मनाने पाहत आला होता, आणि स्वतःच्या हाताने दरवर्षी भरलेला लाल रंग त्याला एकदाही दिसला नव्हता. मत्सराची नजर तीक्ष्ण असते असे लोक मानतात. ती तीक्ष्ण असते, पण एकाच दिशेला.

मिंगशू शांतपणे बोलत होती. तिने सांगितले की पहिल्या वर्षी इथे आल्यावर तिला वाटले होते, तिकडे तो या वर्षी नाव रंगवणार नाही. म्हणून तिने आपलेही राहू दिले. दुसऱ्या वर्षी वाटले, यंदा नाही रंगवणार. मग तिने वाटून घेणे सोडून दिले; पण मधेच रंग भरायचा तर तेही कसेसेच वाटायला लागले.

"बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

वारा आला आणि पेल्यातली दारू थरथरली. खालून, दूरवरून, बांधाजवळच्या नगाऱ्यांचा दुसरा खेळ ऐकू येत होता; दुपारच्या पर्यटकांसाठी पुन्हा एकदा दोर तोडणार होते.

"पुढच्या वर्षी मी रंगवत नाही," ल्याओ म्हणाला.

"नाही रंगवलंस म्हणून कोरलेलं बुजतं होय?"

"मग आपण दोघांची नवीन शिळा करू. आपल्या गावी. वरच्या बाजूला, जिथं ऊन येतं."

हेच वाक्य बोलायला तो आला होता. घरून निघताना, बसमध्ये, पुलावर त्याने ते घोळवले होते, आणि त्या सगळ्या वेळांत ते त्याला भक्कम वाटले होते. आता गाओच्या मेणबत्त्यांसमोर ते बोलल्यावर त्याचे वजन किती कमी आहे हे त्याला उमगले.

मिंगशू उठली, गुडघे चोळले, आणि शिळेच्या माथ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आणि या दोघांनी काय करायचं?" ती म्हणाली. "चौताईनं तुझ्याबरोबर बत्तीस वर्षं काढली. ती तिकडं जागा धरून झोपलीय. हा इकडं. त्यांनी आपलं काय वाईट केलंय, ल्याओ?"

प्रतिपक्षाचा मुद्दा खोडण्याची ल्याओची जुनी हौस होती, आणि कोठारात त्याच्याशी हुज्जत घालून कोणी जिंकत नसे. पण हा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. त्याला फक्त तो मान्य नव्हता.

"तू जाशील ती इथंच, म्हणजे."

"जाईन तेव्हा जाईन. आज कुठं जातेय?" तिने यूछिनला हाक मारली आणि डबा उघडायला सांगितले. मग ल्याओकडे वळून, जरा खालच्या आवाजात, मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "लाल आहे तोवर मी तुझ्या घरात आहे. लाल रंगाचा अर्थ तेवढाच असतो. दुसरा कुठला नसतो."

यूछिनने काडीने शेवाळ काढले, खाचा पंच्याने पुसल्या आणि कुंचला रंगात बुडवला. तिने तो नावाजवळ नेला तेव्हा ल्याओ म्हणाला, "इकडे दे."

यूछिनने आईकडे पाहिले. मिंगशूने ल्याओकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात काय होते हे त्याला त्या दिवशीही कळले नाही, नंतरही नाही. ती म्हणाली, "दे त्याला. याच्या हातून सांडत नाही."

तो खाली बसला. अगदी समोर बसला असता तर वरच्या वाटेने जाणाऱ्या कोणाला वाटले असते की हा म्हातारा गाओ छांगशुनसमोर गुडघे टेकतो आहे; म्हणून तो जरा तिरका, आपल्या बायकोच्या ओळीकडे तोंड करून बसला. गाओचे काळे नाव त्याच्या डाव्या खांद्याशी होते. त्याने तिकडे पाहिले नाही. तिच्या नावाची पहिली रेघ भरताना त्याच्या मनात जे होते ते क्षमा नव्हती, आणि समजूतदारपणा तर नव्हताच; इतकेच होते की हा रंग यूछिनने भरला असता तर तो गाओच्या घरचा झाला असता. नाव त्याच्याशेजारी राहणार असेल तर राहो. त्यातला लाल मात्र ल्याओ तिंगयूच्या हातचा असेल, या वर्षी आणि पुढच्या वर्षी, आणि जितकी वर्षे भरावा लागेल तितकी वर्षे.

तो सावकाश भरत गेला. वेन. मग मिंग, ज्याच्या खाचेत शेवाळाचा ओलावा अजून होता आणि रंग दोनदा द्यावा लागला. मागे मिंगशू मेलेल्यांसाठीच्या कागदी नोटा जाळत होती आणि यूछिन तिला सांगत होती की गेल्या वर्षीपेक्षा यंदा फटाके महाग झालेत. शेवटचे अक्षर बारीक रेघांचे होते. ते भरून होईपर्यंत ल्याओने श्वास रोखून धरला, कुंचला उचलला आणि मान मागे घेऊन पाहिले. कुठेही कडेबाहेर गेले नव्हते.

फक्त शेवटच्या रेघेच्या टोकाशी रंग थोडा जास्त साचला होता. पाहता पाहता त्याचा एक थेंब झाला, आणि तो थेंब दगडावरून खाली निघाला. तिथे, दोन्ही नावांच्या खाली, मधोमध, दोघांसाठी मिळून एकच शब्द कोरलेला होता: समाधी. ल्याओने अंगठा पुढे केला आणि थेंब त्या शब्दापर्यंत पोचण्याआधी अडवला. मग रंग वाळेपर्यंत त्याने अंगठा तिथून काढला नाही.